पोपट पाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोपटाबद्दलचे प्रश्न वर्षभर येतात, पण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात त्यांचा ओघ वाढतो. रानातल्या पोपटांच्या ढोलीत तेव्हा पिल्लं असतात आणि ती बाजारात येऊ लागतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कोणताही प्रश्न सुटा वाचला तरी चालेल, मात्र पक्षी अजून घरी आणलेला नसेल तर पहिले पाच आधी वाचा.

१. हिरवा मिठू पाळणं खरंच गुन्हा आहे का? आमच्या आजोबांच्या घरी तर कायम असायचा.

हो, गुन्हा आहे. गळ्यात कंठ असलेला आपला नेहमीचा पोपट, खांद्यावर तांबडा डाग असलेला मोठा पहाडी पोपट आणि लाल डोक्याचा पोपट हे तिन्ही भारतातले वन्यपक्षी आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे त्यांना पकडणं, विकणं, विकत घेणं आणि पिंजऱ्यात ठेवणं यांवर बंदी आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर कंठवाला आणि पहाडी पोपट अनुसूची २ मध्ये, म्हणजे या कायद्याच्या संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. विकणारा जितका अडकतो तितकाच घेणाराही अडकतो.

आजोबांच्या काळात याकडे कुणी फारसं पाहत नव्हतं, हे खरं. पण देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासूनच बंदी आहे. शिवाय हा प्रश्न फक्त कायद्याचा नाही. बाजारातलं प्रत्येक हिरवं पिल्लू कुणीतरी झाडावर चढून ढोलीतून ओढून काढलेलं असतं. ती पिल्लं टोपलीत दाटीवाटीने भरून आणतात आणि त्यातली बरीच वाटेतच मरतात. मी या बाबतीत कुणालाही सूट देत नाही: हिरवा पोपट विकत घेऊ नका, ‘वाचवायला’ म्हणूनही नको. एक पिल्लू विकलं गेलं की विक्रेत्याला दुसरं आणायला कारण मिळतं.

२. मग कायद्याने कोणता पोपट ठेवता येतो?

विदेशी जाती ठेवता येतात, पण त्यांतही दोन गट आहेत. बजरीगर ऊर्फ बजी (बाजारात ज्याला सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात तो), कॉकाटील आणि गुलाबी चेहऱ्याचा खरा लव्हबर्ड या तीन जाती साइटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत नाहीत. त्यांची नोंदणी लागत नाही.

सन कोन्युअर, मकाव, काकाकुवा, आफ्रिकन ग्रे, इतकंच काय, फिशर जातीचा लव्हबर्डसुद्धा या यादीत आहे. आफ्रिकन ग्रेला तर २०१७ पासून सर्वांत कडक अशा परिशिष्ट १ मध्ये टाकलं आहे. यादीतला पक्षी बाळगणाऱ्याने त्याची माहिती वनखात्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे द्यायची असते. त्यासाठीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले आणि अर्ज ‘परिवेश २.०’ या सरकारी पोर्टलवर भरावा लागतो. विक्रेता ‘कागद नंतर देतो’ म्हणाला तर तिथूनच मागे फिरा. पाळीव प्राण्यांच्या दुकानालाही २०१८च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ती पाहायला मागा.

३. निळा किंवा पिवळा रिंगनेक तर चालतो ना? तो रानात दिसतच नाही.

रंग वेगळा, जात तीच. निळा, पिवळा किंवा पांढरट रिंगनेक हा आपला कंठवाला पोपटच असतो. पिंजऱ्यातल्या पैदाशीत निवडून निवडून तो रंग टिकवलेला असतो. कायद्यात जातीचं नाव आहे आणि रंगाची सूट कुठेही लिहिलेली नाही. ‘हा फॉरेनचा आहे’ या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून हजारो रुपये घालू नका.

४. मला जमेल का? वेळ आणि खर्च किती लागतो?

आधी वर्षं मोजा. बजी पाच ते दहा वर्षं जगतो, कॉकाटील पंधरा ते वीस, सन कोन्युअर वीस-पंचवीस. आफ्रिकन ग्रे आणि मोठे मकाव चाळीस-पन्नास वर्षांच्याही पुढे जातात. मुलगी सातवीत असताना तिच्या हट्टापायी आणलेला कॉकाटील तिच्या लग्नानंतरही तुमच्याच घरी असणार आहे.

मग तास मोजा. पोपट हा थव्याने राहणारा पक्षी. बजी आणि कॉकाटील ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळांवर मोठ्या थव्यांनी फिरतात. एकटा पक्षी ठेवला तर त्याचा थवा म्हणजे तुम्ही. रोज निदान दोन-तीन तास त्याला पिंजऱ्याबाहेर, तुमच्या नजरेसमोर काढता येणार नसेल तर आत्ताच नको म्हणा. सकाळी आठला कुलूप लावून रात्री नऊला उघडणाऱ्या घरात एकटा पोपट आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खर्चात पक्ष्याची किंमत सर्वांत किरकोळ असते. पिंजरा, ताजी भाजी-फळं, खेळणी आणि डॉक्टर यांचा खर्च वर्षानुवर्षं चालू राहतो.

५. हँडफीडचं, म्हणजे हाताने भरवून वाढवायचं पिल्लू जास्त माणसाळतं म्हणतात. घ्यावं का?

स्वतः दाणे खायला न शिकलेलं पिल्लू घेऊ नका. दुकानदार सिरिंज आणि पावडरचा डबा हातात देतो आणि ‘दिवसातून चार वेळा पाजा’ सांगून मोकळा होतो. त्या पावडरची पेज साधारण ३९ ते ४१ अंश सेल्सिअसवरच द्यावी लागते. त्याहून गरम झाली तर गळ्याखालची अन्नाची पिशवी आतून भाजते आणि काही दिवसांनी तिथली कातडी काळी पडून भोक पडतं. गार झाली तर पेज पिशवीतच आंबते. सिरिंज चुकीच्या बाजूने दाबली तर पेज फुप्फुसात जाते. हे काम अनुभवी हातांचं आहे. पूर्ण दाण्यावर आलेला तरुण पक्षीही महिना-दोन महिन्यांत हातावर यायला शिकतो. त्याला घाई केली नाही म्हणजे झालं.

६. एकच आणू की जोडी?

बजी आणि लव्हबर्ड असतील तर जोडीच बरी. कॉकाटील एकटाही राहतो, पण माणसांचा वेळ भरपूर मिळत असेल तरच. जोडी म्हणजे नर-मादीच हवेत असं नाही. दोन नर बजी छान नांदतात आणि पिल्लांचा प्रश्नही उभा राहत नाही. दुसरा पक्षी मागाहून आणलात तर त्याला निदान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा. दुकानातून येणारे आजार तेवढ्या काळात बहुधा वर येतात.

७. पिंजरा केवढा घ्यावा?

परवडेल आणि जागेत बसेल त्यातला सर्वांत मोठा. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण पोपट आडवा उडतो. गोल पिंजरा नको, त्यात पक्ष्याला बिनधास्त बसायला कोपराच मिळत नाही. बजीसाठी दोन गजांमधलं अंतर सव्वा सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावं, नाहीतर डोकं अडकतं. जस्ताचा मुलामा दिलेली स्वस्त जाळी टाळा. पोपट गज कुरतडतो आणि जस्त पोटात जाऊन विषबाधा होते.

बसायला सोबत येणाऱ्या एकसारख्या गुळगुळीत दांड्या काढून टाका. पेरू किंवा कडुनिंबाच्या, फवारणी न झालेल्या, कमी-जास्त जाडीच्या फांद्या धुऊन लावा. दांडी एकाच जाडीची असली की तळपायाच्या त्याच जागी सतत भार येतो, तिथे लाली येते आणि पुढे फोड होतो. रात्री दहा ते बारा तास अंधार आणि शांतता हवी. टीव्हीसमोरचा पिंजरा रात्री अकरापर्यंत उजेडात राहतो आणि मग पक्षी चिडचिडा का झाला, हा प्रश्न आमच्याकडे येतो.

८. पोपटाला मिरची, डाळ, पेरू एवढं पुरतं ना?

पुरत नाही. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही, कारण आपल्याला झोंबवणाऱ्या द्रव्याचा त्यांच्या मज्जातंतूंवर परिणाम होत नाही. मिरची त्याला खुशाल द्या, पण ते तोंडीलावणं झालं. भिजवलेली हरभऱ्याची डाळ उन्हाळ्यात दोन-तीन तासांत आंबते. ती दिलीत तर उरलेली लगेच उचला.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते फक्त दाण्यांवर ठेवल्याने. सूर्यफुलाच्या बिया पुढ्यात असल्या की पोपट दुसरं काही खात नाही. मग यकृतावर चरबी चढते आणि अ जीवनसत्त्व कमी पडतं. नाकपुड्या चोंदणं, वारंवार सर्दी आणि तोंडात पांढरे चट्टे ही त्याची लक्षणं. कांगणी, बाजरी, ज्वारी असे दाणे थोडे, पक्ष्यांसाठीच्या तयार गोळ्या मिळत असतील तर त्या मुख्य, आणि रोज भाजी: शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, किसलेलं गाजर, लाल भोपळा, मक्याचं कोवळं कणीस. शेवग्याची आख्खी डहाळी पिंजऱ्यात उलटी टांगून पाहा. पक्षी आधी लांबून मान वाकडी करून बघतो, मग एकेक पान देठापासून तोडतो. खाण्याइतकाच त्याला उद्योगही मिळतो.

अवोकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी आणि दारू हे विष आहे. कांदा-लसूण, खारे पदार्थ, सफरचंदाच्या बिया नकोत. दूध-पोळीची जुनी पद्धतही सोडा. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही.

दाण्यांवरून नव्या आहारावर आणताना पंधरा दिवस ते महिना घ्या आणि रोज वजन करा (प्रश्न १० पाहा). उपाशी ठेवून सवय लावू नका. लहान पक्षी एक-दोन दिवसांच्या उपासातही दगावतो.

९. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवला तर काय बिघडतं? सगळी माणसं तिथेच असतात.

या एका उत्तरासाठी तरी हे पान घरातल्या सगळ्यांना वाचायला द्या. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं, साधारण २६० अंशांच्या पुढे गेलं, की त्याच्या लेपातून वायू निघतात. माणसाला वासही येत नाही, पण पक्षी काही मिनिटांत मरतो. रिकामा तवा गॅसवर राहणं एवढं त्याला पुरतं. बंद दारही भरवशाचं नाही. सँडविच मेकर, एअर फ्रायर, काही इस्त्र्या आणि हीटर यांवरही असाच लेप असतो. पक्षी असलेल्या घरात लोखंडी तवा, बीड किंवा स्टील वापरा.

पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात. श्वास घेताना आणि सोडतानाही त्याच्या फुप्फुसातून ताजी हवा जात राहते. उडण्यासाठी ही रचना फार उपयोगाची, पण हवेतलं विषही ती तितक्याच वेगाने ओढून घेते. म्हणून अगरबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉइल, रूम फ्रेशनर, परफ्यूम आणि सिगारेट पक्ष्याच्या खोलीत नको. देवघर आणि पिंजरा एकाच खोलीत असतील तर पिंजरा हलवा. दिवाळीत रस्त्याकडच्या खिडक्या लावून घ्या आणि पिंजरा आतल्या खोलीत न्या.

१०. तो आजारी आहे हे कसं ओळखू? कालपर्यंत तर ठणठणीत होता.

बहुतेक वेळा कालही तो आजारीच होता. रानात अशक्त दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून पोपट जमेल तितका वेळ आजार लपवतो. आपल्याला दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

त्यासाठी दोन सवयी लावा. पहिली, पिंजऱ्याच्या तळाला वर्तमानपत्राऐवजी पांढरा कागद घाला आणि रोज सकाळी विष्ठा पाहा. निरोगी विष्ठेत तीन भाग वेगळे दिसतात: हिरवट किंवा तपकिरी गुंडाळी, तिच्यावर चुन्यासारखा पांढरा थर आणि भोवती थोडं पाणी. पांढरा भाग पिवळा किंवा हिरवा झाला, सगळंच पाणी झालं किंवा विष्ठा निम्म्यावर आली, तर थांबू नका. (बीट खाल्लं असेल तर लाल दिसते, ते चालतं.) दुसरी सवय वजनाची. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एक फांदी बसवा आणि आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी वजन लिहून ठेवा. कॉकाटील साधारण ८० ते १०० ग्रॅमचा असतो. नेहमीच्या वजनात एकदशांश घट झाली की डॉक्टर गाठा.

पिसं फुगवून दिवसा झोपणं, प्रत्येक श्वासाला शेपटी वर-खाली होणं, चोच उघडी ठेवणं, तळाशी जाऊन बसणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी. नेईपर्यंत त्याला ऊब द्या, खोक्यात ठेवा, आणि चोचीत पाणी ओतू नका.

११. आमच्या गावात पक्ष्यांचा डॉक्टर नाही. काय करावं?

पक्षी आणण्याआधी डॉक्टर शोधा. मुंबई-पुण्यात पक्ष्यांवर उपचार करणारे पशुवैद्य मिळतात. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशी आणि कोंबड्यांचा अनुभव जास्त असतो. तिथल्या डॉक्टरांशी आधीच बोला, त्यांना शहरातल्या पक्षीतज्ज्ञाशी फोनवर जोडून देता येतं का ते विचारा. माणसांची किंवा कोंबड्यांची औषधं अंदाजाने देऊ नका.

१२. बोलायला कधी लागेल? जीभ पातळ केली की लवकर बोलतो म्हणतात.

हे ऐकून दरवेळी जीव कळवळतो. जिभेला हात लावू नका. पोपटाचा आवाज श्वासनलिकेच्या तळाशी, ती दोन फुप्फुसांकडे फाटते तिथल्या अवयवातून निघतो. जीभ कापून बोलणं येत नाही, पक्ष्याचं खाणं मात्र कायमचं अवघड होतं. बोलणं जातीवर आणि त्या त्या पक्ष्यावर अवलंबून असतं. कॉकाटीलचे नर शिट्ट्या छान उचलतात, माद्या सहसा नाही. लव्हबर्ड जवळजवळ बोलत नाहीत. बोलेल म्हणूनच आणणार असाल तर आणू नका.

१३. खूप ओरडतो आणि चावतो. ओरडलो तरी ऐकत नाही.

तुम्ही ओरडलात की त्याला वाटतं थव्यातून साद आली. पहाटे आणि तिन्हीसांजेला थोडा वेळ कलकलाट हा पोपटाचा स्वभावच आहे, तो बंद होत नाही. सन कोन्युअरचा आवाज तर चाळीत आणि सोसायटीत भिंतीपलीकडे जातो, हे घेण्याआधीच लक्षात घ्या. शांत असताना जवळ जा, बोला, एखादा दाणा द्या. किंचाळत असताना जाऊ नका.

चावण्याआधी तो बहुतेकदा सांगतो. बाहुल्या भराभर लहान-मोठ्या होतात, मानेची पिसं उभारतात, शेपूट पंख्यासारखी पसरते. तेव्हा हात मागे घ्या. चोचीवर टिचकी मारणं सर्वांत वाईट, त्यातून तो हाताला भ्यायला शिकतो.

१४. स्वतःची पिसं उपटून छाती उघडी केली आहे.

आधी डॉक्टर. त्वचेचा आजार, परजीवी, यकृताचा त्रास, अपुरा आहार यांमुळे असं होतं. तपासणीत काही निघालं नाही तर कारण बहुधा एकटेपणा, अपुरी झोप किंवा दिवसभर काही उद्योग नसणं हे असतं (प्रश्न ४, ७ आणि ८). डोकं शाबूत आणि अंग उघडं असेल तर तो स्वतःच उपटतोय. डोक्याचीही पिसं गेली असतील तर सोबतचा पक्षी किंवा आजार. वर्षातून एकदा होणारी नेहमीची पिसगळ यात धरू नका, तेव्हा टक्कल पडत नाही.

१५. उडून जाऊ नये म्हणून पंख कापावेत का?

माझं उत्तर नाही असं आहे. पंख कापलेला पक्षी वाऱ्याच्या झोताने तरीही खिडकीतून जातो, आणि मग त्याला परत झाडावर चढता येत नाही. खाली मांजर असतेच. खिडक्यांना जाळी लावा, पक्षी बाहेर असताना पंखा बंद ठेवा. छताचा पंखा हे आपल्याकडच्या घरांत जखमेचं मोठं कारण आहे.

१६. एकटीच मादी आहे, तरी अंडी घालतेय. कसं शक्य आहे?

शक्य आहे. अंडी फळलेली नसतात एवढंच. कॉकाटील आणि लव्हबर्डच्या माद्या हे पुष्कळदा करतात. अंडी लगेच उचलली तर ती आणखी घालते, म्हणून तिचा रस संपेपर्यंत तिथेच राहू द्या. मडकं, खोका, आरसा काढून टाका, उजेडाचे तास कमी करा, पाठीवरून कुरवाळणं थांबवा. समुद्रफेस किंवा कॅल्शियमचा ठोकळा द्या. ती तळाशी बसून कुंथत असेल आणि अंडं बाहेर येत नसेल, तर काही तासांतही जीव जाऊ शकतो. घरी ओढायला जाऊ नका, डॉक्टरकडे न्या.

१७. पोपटामुळे माणसाला आजार होतो का? घरात बाळ आहे.

होऊ शकतो. सिटॅकोसिस हा जिवाणूजन्य आजार वाळलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीतून श्वासावाटे येतो. ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला, कधी न्यूमोनिया. योग्य प्रतिजैविकांनी तो बरा होतो, पण निदानासाठी डॉक्टरांना ‘घरी पक्षी आहे’ हे सांगावं लागतं आणि तेच राहून जातं. पिंजरा ओल्या फडक्याने पुसा, कोरडा झाडू नका. गरोदर स्त्रीने किंवा दम्याच्या रुग्णाने साफसफाई करू नये.

१८. गणपतीला दहा दिवस कोकणात जातो. पक्ष्याचं काय?

दाणे-पाणी भरून घर बंद करून जाणं चालणार नाही. पाण्यात विष्ठा पडते आणि ते दुसऱ्या दिवशीच खराब होतं. पक्ष्याला ओळखणारी व्यक्ती रोज घरी येणं उत्तम. नाहीतर आधी एक-दोन रात्री सरावासाठी ठेवून मग तिच्या घरी सोडा. आहार, वजन आणि डॉक्टरांचा नंबर लिहून द्या.

१९. झाडाखाली पोपटाचं पिल्लू सापडलं. घरी ठेवून वाढवू?

वाढवू नका. पिसं आलेलं, फडफडणारं पिल्लू उडायला शिकत असेल. मांजर-कुत्री दूर ठेवून लांबून पाहा, आई-बाप बहुधा जवळच असतात. उघडं पिल्लू असेल आणि ढोली हाताला लागत असेल तर परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकत नाहीत. जखम असेल किंवा ढोलीच तुटली असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, मऊ कापडावर, उबेत ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पाणी पाजू नका.

२०. दहा वर्षांपासून हिरवा पोपट घरी आहे. आता कळलं. सोडून देऊ का?

गच्चीवरून सोडणं ही त्याची सुटका नसते. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याच्या छातीच्या स्नायूंत दूरवर उडण्याचं बळ नसतं. त्याला अन्न शोधता येत नाही, घारीची भीती कळत नाही आणि तो माणसाच्याच खांद्यावर जाऊन बसतो. १९२६ वर फोन करा किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात बोला. नागपूरला सेमिनरी हिल्सवर आणि पुण्यात बावधनला वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्रं आहेत. अशा ठिकाणी पक्षी तपासतात, इतर पोपटांत ठेवतात, उडण्याचा सराव देतात आणि सोडण्याजोगा असेल तरच सोडतात. घरातल्यांना त्याचा लळा लागलेला असतो, आजी रडतात, हे मी पाहिलं आहे. तरीही त्याला इतर पोपटांत जाण्याची संधी मिळणं जास्त महत्त्वाचं.

२१. बजी किंवा कॉकाटील सांभाळणं होत नाही. तो तरी मोकळा सोडला तर?

तो तर मुळीच नाही. इथे त्याचा थवा नाही, ओळखीचं अन्न नाही, आणि पिवळा-पांढरा रंग कावळ्यांना लांबून दिसतो. ओळखीतलं घर शोधा आणि तिथे जाऊन पिंजऱ्याची जागा, माणसांचा वेळ आणि स्वयंपाकघरातली भांडी पाहून मग द्या. साइटिस यादीतला पक्षी असेल तर हस्तांतराची माहिती पोर्टलवर भरावी लागते (प्रश्न २).

२२. माझं वय ६२ आहे. आफ्रिकन ग्रे घ्यावा का?

तो तुमच्या मागे बरीच वर्षं राहील हे धरून ठरवा. ग्रे पोपट एका माणसाशी घट्ट जोडला जातो आणि ते माणूस गेल्यावर पुष्कळदा पिसं उपटतो, खाणं सोडतो. प्रौढ कॉकाटीलला घर हवं असतं, तो तुमच्या वयाला जास्त योग्य. ग्रे आधीपासून घरी असेल तर त्याला सांभाळणारी दुसरी व्यक्ती आजच ठरवा आणि दर आठवड्याला तिच्या हातून त्याला खाऊ द्या, म्हणजे ओळख होते. आहार, नेहमीचं वजन, डॉक्टरांचं नाव आणि परिवेशवरच्या नोंदणीची प्रत एका पाकिटात घालून मृत्युपत्राच्या कागदांसोबत ठेवा, आणि ते पाकीट कुठे आहे हे त्या व्यक्तीला सांगून ठेवा.